जवळचा चष्मा

आमच्या घराची जाहिरात चार ओळींची होती आणि ती मी वाचलीच नव्हती. बायकोने वाचून दाखवली. मी चष्मे विकतो. सव्वीस वर्षं लोकांच्या नाकावर चष्मे चढवतोय, पण माझा स्वतःचा जवळचा चष्मा दुकानात, काच घासायच्या मशीनशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. तो घरी आणावा किंवा घरासाठी दुसरा करावा हे मला कधी सुचलं नाही. घरी वाचायला असतं काय? विजेचं बिल, पाण्याचं बिल, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. ते सगळं बायको वाचते. तिचे डोळे चांगले आहेत आणि आवाज त्याहून चांगला. साधं बिल वाचते तेव्हाही बातम्या लागल्यासारखं वाटतं.

"दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे उघडी मोरी," तिने वाचलं. "पाणी दोन वेळ. शेजार उत्तम." मग ती थांबली आणि शेवटच्या ओळीला तिचा आवाज बदलला. "लगतच्या घरात पोलीस अधिकारी राहतात."

"लगतच्या म्हणजे कुठे?"

"भिंतीला भिंत."

तिथेच घर घेऊन झालं होतं म्हणा. पुढचं सगळं नुसतं कागदोपत्री.

तिची बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही तिला मूर्ख समजाल. आदल्या उन्हाळ्यात आमच्या भाड्याच्या जागेत चोरी झाली होती. भर दुपारी. मी दुकानात, ही दवाखान्यात तिच्या आईपाशी. चोराने फार काही नेलं नाही, आमच्याकडे फार नव्हतंच. पण जाताना त्याने हिच्या कपाटातले सगळे कपडे जमिनीवर फेकले आणि त्यांच्यावरून बूट घालून चालत गेला. ते बुटांचे ठसे हिच्या डोक्यातून जाईनात. बाहेर पडलो की कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं, कुलूप ओढून बघायचं, पुन्हा कोपरा, पुन्हा कुलूप. कधीकधी मी कोपऱ्यावर उभा राहून चिडचिड करायचो. तेव्हा चिडायला नको होतं असं आता वाटतं.

घर दाखवायला आलेला दलाल तोंडाचा मोठा गोड होता. "साहेब शेजारी म्हटल्यावर कुलूपही लावू नका," तो म्हणाला. "चोर या गल्लीतून जाताना चपला हातात घेऊन जातो." बायको हसली. वर्षभरात ती पहिल्यांदा हसली, आणि मी म्हटलं, घेऊन टाकू.

नाराज झाला एकच माणूस. माझा मेहुणा. लहानपणी घरातलं घड्याळ, रेडिओ, पंखा, जे हाताला लागेल ते उघडून ठेवायचा म्हणून सगळे त्याला स्क्रू म्हणत. कुठलातरी एक ढिला आहे म्हणूनही म्हणत. आता छत्तीस वर्षांचा होता, बाजारातल्या जिन्याखाली फळीएवढं दुकान होतं, मोबाइल दुरुस्त करायचा आणि जुने घेऊन नीट करून विकायचा. त्याचा पहिला चष्मा मीच केला होता. तेव्हा माझं नुकतंच लग्न झालेलं, हा शाळेत. चष्मा घालून दुकानाच्या दारात उभा राहिला आणि समोरच्या झाडाकडे बघत ओरडला, "दाजी, झाडाला सुटी सुटी पानं असतात!" त्याला तोवर वाटायचं की झाड म्हणजे एक हिरवा गोळा. त्या दिवसापासून त्याचा प्रत्येक चष्मा मी माझ्या हाताने घासला. कारागिराला कधी दिला नाही.

तर हा स्क्रू घर बघायला आला. खोल्या बघितल्या, नळ सोडून बघितला, मागच्या मोरीत जाऊन दोन घरांमधली कमरेएवढी भिंत बघितली. भिंतीपलीकडे खाकी पँट वाळत होती.

"ताई, इथे चोर येणार नाही हे खरं," तो म्हणाला. "पण मग मीही येणार नाही हं."

"का रे बाबा?"

"आमच्या धंद्यात पोलीस म्हणजे जावई. येतो, बसतो, आवडेल ते उचलतो, आणि वर हात आपणच जोडायचे."

"तुझ्याकडे चोरीचा माल असतो की काय?" बायकोने दरडावलं.

स्क्रूचं हसू गेलं. "नसतो. पावती बघितल्याशिवाय मी एक फोन घेत नाही. पण ताई, ती पावती बघायला त्यांच्याकडे वेळ नसतो."

मी म्हटलं, "तू आता साहेबांच्या शेजाऱ्याचा मेहुणा. तुला कोण हात लावतो बघू." हे वाक्य मी बोललो होतो. मोरीत, त्या भिंतीला टेकून.

साहेब तसे अजिबात भीतिदायक नव्हते. पन्नाशीचा गोलसर माणूस, सकाळी बनियनवर कुंड्यांना पाणी घालायचा, झाडांशी पुटपुटायचा. आम्ही राहायला गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी नळाला पाणी नाही. साहेबांनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "काय चष्मेवाले, पाणी येतंय का?" मी नाही म्हटलं. त्यांनी तिथल्या तिथे एक फोन केला, चार शब्द बोलले, आणि दुपारच्या आत नळ धो धो वाहायला लागला. "शेजारी कशाला असतो मग?" ते म्हणाले. मला इतकं भारी वाटलं की त्या दिवशी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला मी नळाची गोष्ट सांगितली.

बायको दुपारची झोपायला लागली. कुलूप एकदाच ओढायची. मी तिच्याकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, घर लाभलं.

साहेब वर्तमानपत्र हात लांब करून वाचायचे. आम्हा लोकांना ते लगेच दिसतं. रस्त्याने जाणाऱ्याचाही नंबर आम्ही मनात काढून टाकतो. मी त्यांना एक जवळचा चष्मा करून दिला, दीड नंबरचा, चांगल्या फ्रेमचा, भेट म्हणून. घातल्यावर ते खूष झाले. आठवडाभर दिसेल त्याला सांगत होते, "आपल्या माणसाने केलाय."

आपला माणूस. हे दोन शब्द मी मिरवले.

पहिली सही त्यानंतरच्या आठवड्यातली. सकाळी मी मोरीत दात घासत होतो. साहेब गणवेशात, हातात लाकडी पाटी, पाटीला चाप लावलेले कागद. "एक सही द्याल का? साक्षीदार म्हणून. दोन लागतात. एक कसातरी मिळतो, दुसरा मिळवताना जीव जातो. लोक पळतात हो."

"कशाची आहे?"

"नेहमीचंच. जुगाराचा अड्डा. पत्ते, चटया, चार टवाळ."

मी पाटी घेतली. कागद लांब धरला, आणखी लांब धरला, हात संपला. अक्षरं नव्हतीच, नुसत्या मुंग्या होत्या. चष्मा दुकानात आहे, एवढं म्हणायचं होतं. पण ज्या माणसाला मी आठ दिवसांपूर्वी जवळचा चष्मा फुकट दिला, त्याच्यासमोर मी कुठल्या तोंडाने म्हणू की मला जवळचं दिसत नाही? आणि चष्मेवाला म्हणून वर आणखी हसू व्हायचं.

"वाचायचंय का?" साहेबांनी विचारलंही. खोटं कशाला बोलू, त्यांनी विचारलं होतं.

"तुमचा कागद," मी तोंडातल्या फेसातून म्हटलं, "त्यात काय वाचायचं?"

आणि माझी ती लांबलचक, शेवटी गोल गिरकी घेणारी सही ठोकून दिली. साहेबांनी खांद्यावर थोपटलं.

गंमत बघा. मी दुकानात रोज पंचवीस माणसांना खुर्चीत बसवतो, समोरच्या पाटीवरची खालची ओळ वाचायला लावतो, आणि ते चाचपडायला लागले की दम देतो: अंदाजाने सांगू नका. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा, त्यात लाज कसली? सव्वीस वर्षं हेच वाक्य बोलतोय.

मग दर आठ-दहा दिवसांनी पाटी यायची. कधी दारू, कधी गाडी, कधी नुसतं "नेहमीचंच". साहेबांची वेळ ठरलेली, माझा ब्रश ठरलेला. एकदा बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय सही केलीत?"

"असंच. गाडीचं काहीतरी."

"वाचलंत?"

"सरकारी कागद वाचतं का कोणी?"

तिने पुन्हा विचारलं नाही. तिला झोप लागत होती ना आता. आम्ही दोघंही मजेत होतो, आणि त्यात मी तर जरा जास्तच. दुकानासमोर एक माणूस हातगाडी लावायचा, दाराला आडवी. त्याला वर्षभर विनवून झालं होतं. एक दिवस म्हटलं, "साहेबांना सांगू का?"  दुसऱ्या दिवसापासून गाडी दिसली नाही. गाडी हलली याचा मला आनंद झाला, आणि तो माणूस पुन्हा कुठे दिसला नाही याकडे मी लक्ष दिलं नाही.

त्या सोमवारी साहेब घाईत होते. टोपी काखेत, पाटी भिंतीवर ठेवलेली. "दोन ठिकाणी हं आज," ते म्हणाले. मी दोन ठिकाणी केल्या. ब्रश तोंडातच होता.

एक वाजता दुकानात बायकोचा फोन आला. तिला नीट बोलता येत नव्हतं. स्क्रूला उचललं होतं. जिन्याखालचं दुकान उलटंपालटं केलं, फळ्या काढल्या, आणि म्हणे त्याच्याकडे चोरीचे अकरा फोन सापडले. शेजारच्या घड्याळवाल्याने सांगितलं की पोलीस आले तेव्हा पिशवी त्यांच्याच हातात होती. पण ते त्याने हळूच सांगितलं आणि दुसऱ्या कोणाला सांगणार नाही म्हणाला.

आता मला काय वाटलं ते सांगतो, कारण त्याची मला सगळ्यात जास्त शरम वाटते. मला काळजी वाटली, ती वाटलीच. पण तिच्या खालोखाल एक प्रकारचं समाधान वाटलं. आता बघ म्हटलं, शेजारी कशाला असतो ते. एवढं घर घेतलं ते कशासाठी? मी बायकोला म्हणालो, "रडू नकोस. संध्याकाळच्या आत तुझा भाऊ इथे बसून चहा पिईल."

दुकान लवकर बंद करून मोरीत उभा राहिलो. साहेब सहाला आले, कपडे बदलून कुंड्यांपाशी. मी सगळं सांगितलं. जिन्याखालचं दुकान, मेहुणा, पावत्या. ते ऐकता ऐकता झारी खाली ठेवून उभे राहिले.

"तो तुमचा मेहुणा?"

"सख्खा. हिचा धाकटा भाऊ."

"अहो मग आधी नाही का सांगायचं! मला काय ठाऊक. आडनाव वेगळं, दुकान तिकडे." त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "वरून दट्ट्या होता हो. महिनाभर फोनच्या तक्रारी येतायत, कोणीतरी दाखवायलाच हवा होता. दुसरा बघितला असता."

"मग आता सोडा ना त्याला."

"आता कागद वर गेला, चष्मेवाले."

"कागदाचं काय एवढं? तुमचाच कागद."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि ओशाळवाणं हसले. "माझा कसा? पंचनामा साक्षीदारांचा असतो. सकाळी तुम्हीच नाही का सही केलीत? दोन ठिकाणी."

 मी भिंतीला धरलं.

घरात आल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "बघतो म्हणाले." आणि मूग गिळून बसलो. एक दिवस, दोन दिवस, तीन आठवडे. ती सकाळी डबा घेऊन कोठडीवर जायची, दुपारी वकिलाकडे. जामीन एकदा फेटाळला, दुसऱ्यांदा फेटाळला. वकील म्हणाला, पोलिसांचे कागद अजून हातात आलेले नाहीत, आले की कळेल कोण हरामखोर साक्षीदार उभा केलाय. हिने तो शब्द मला घरी येऊन जसाच्या तसा सांगितला. मी पाणी पीत होतो, पीतच राहिलो. रोज ठरवायचो, आज सांगू. मग ती डबा भरताना दिसायची आणि मी चपला घालून दुकानात निघून जायचो.

सांगावं लागलंच नाही. एका दुपारी जेवायला घरी आलो तर टपालाने आलेलं लांब पाकीट पडलेलं होतं, माझ्या नावाचं. तिने सवयीने फोडलं. सवयीने वाचायला लागली, त्या तिच्या बातम्यांच्या आवाजात.

"न्यायालयाचं समन्स. आपणास कळवण्यात येते की, खाली नमूद खटल्यात..." खटल्यात तिच्या भावाचं नाव होतं. ते वाचून तिने मान वर केली. "तुम्हाला कशाला बोलावलंय?"  ती पुढे वाचत गेली. "...सरकार पक्षाचे साक्षीदार क्रमांक दोन म्हणून हजर राहावे." मग माझं नाव वाचलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. आवाज तोच होता. मग तिने कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा तेवढी एकच ओळ मनात वाचली.

"मी वाचलं नव्हतं गं," मी म्हटलं. "चष्मा दुकानात होता."

ती रडली नाही. ओरडली असती तरी चाललं असतं. ती उठून वकिलाकडे गेली आणि दोन तासांनी परत आली. आल्यावर उभ्या उभ्याच बोलली. "वकील म्हणतात, पहिला साक्षीदार भाडोत्री आहे, त्याचा पत्ताच सापडत नाही. तुमच्या एकट्यावर केस उभी आहे. तुम्ही सांगा की मी तिथे नव्हतो, घरी दात घासत होतो, न वाचता सही केली. केस तिथेच आडवी होते. सांगाल ना?"

"सांगेन."

"माझ्याकडे बघून सांगा."

मी तिच्याकडे बघून सांगितलं. अगदी मनापासून सांगितलं.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी साहेब भिंतीपाशी आले. आवाज चढवला नाही, तो ते कधीच चढवत नसत. "मी धमकी देत नाही," ते म्हणाले. "शेजारी आहे म्हणून सांगतो. तुमच्या सहीचे सत्तावीस कागद आहेत. उद्या तुम्ही म्हणालात हा खोटा, तर न्यायाधीश पहिलं काय विचारतील? मग बाकीचे सव्वीस? त्यातले काही जण आत आहेत. प्रत्येकाचा वकील येईल तुमच्या दुकानात. माझं काय, बदली होईल. तुम्ही कुठे जाल?"

मला तो हातगाडीवाला आठवला. "साहेब, ते सव्वीस जण... ते तरी खरे होते ना?"

साहेबांनी खिशातून चष्मा काढला, मी दिलेला. डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे निरखून बघितलं.

"मला काय विचारता?" ते म्हणाले. "बघितलंत तर तुम्ही. प्रत्येक कागदावर लिहिलंय, माझ्या समक्ष."

दुसऱ्या दिवशी जाताना मी आधी दुकानात गेलो आणि खिळ्यावरचा चष्मा काढून खिशात ठेवला. बायको सोबत होती. वाटेत ती एकदाच बोलली, "चष्मा घेतलात ना?" मी म्हटलं, "घेतला."

कोर्टाची खोली लहान होती. पंखा, टेबल, तीन बाकं. स्क्रू कठड्यात उभा होता, वाळला होता, शर्ट मळका. मला बघून त्याचा चेहरा उजळला. हो, उजळला. त्याला बहिणीने सांगितलं होतं की दाजी खरं सांगणार आहेत. त्याने मला भुवई उडवून खूण केली, लहानपणी घड्याळ खोलून सापडल्यावर करायचा तशी. मागच्या बाकावर साहेब पाय पसरून बसले होते.

सरकारी वकिलाने माझ्या हातात कागद दिला. "सही तुमची?"

"हो."

"कागद वाचा. मनात वाचा. घाई नाही."

मी चष्मा लावला आणि मुंग्यांची अक्षरं झाली. ती मी आयुष्यात पहिल्यांदा वाचत होतो. सोमवार, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटं. आम्ही साक्षीदार समक्ष हजर असताना. जिन्याखालील दुकानात. काळ्या रंगाच्या पिशवीत. अकरा नग. आठ चाळीसला मी तोंडात ब्रश धरून मोरीत उभा होतो. अक्षर सुरेख होतं, प्रत्येक ओळ स्वच्छ दिसत होती. खाली माझी सही, गिरकीसकट.

"मग? हे तुमच्या समक्ष घडलं?" न्यायाधीशांनी विचारलं.

नाही, म्हणायचं होतं. शब्द तयार होता, दोन रात्री घोकलेला. मी मान वर केली तर समोर स्क्रू नव्हताच. त्याच्या जागी मला ते सव्वीस जण दिसत होते. एकाचंही नाव मला माहीत नव्हतं, एकाचंही तोंड मी बघितलेलं नव्हतं. एक जण तेवढा ओळखीचा, हातगाडीवाला, आणि तो त्यांच्यात होता की नाही हेही मला ठाऊक नव्हतं. मग दुकान दिसलं. गल्ली दिसली. मी भित्रा माणूस आहे. हे मला त्या दिवशी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून कळलं, पन्नाशी ओलांडल्यावर.

"हो," मी म्हटलं.

"मोठ्याने."

"हो. माझ्या समक्ष."

बचावाच्या वकिलाने मग खूप विचारलं. घरून किती वाजता निघालात, दुकान किती वाजता उघडता. मी सगळ्याला काहीतरी उत्तर दिलं. खोटं बोलणं अवघड नसतं, पहिलं 'हो' तेवढं अवघड असतं. स्क्रू ओरडला नाही. त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागला. शर्टाने पुसू नको, चरे पडतात, हे मी त्याला शंभरदा सांगितलेलं. तो पुसतच राहिला. बायको कधी उठून गेली मला कळलं नाही.

स्क्रूला तीन वर्षांची शिक्षा झाली.

ती मला सोडून गेली नाही. जाणार कुठे, घर दोघांच्या नावावर आहे आणि विकायला काढलं तरी लोक नुसते बघून जातात, घेत कोणी नाही. आम्ही एकेक खोली वाटून घेतली आहे. ती जेवण झाकून ठेवते. टपाल आलं की माझ्या ताटाशेजारी ठेवते, न फोडलेलं. आणि पुन्हा कुलूप ओढून बघायला लागली आहे. आता मी घरात असतानाही, स्वतःच्या खोलीचं.

साहेब अजून कुंड्यांना पाणी घालतात. बदली झाली नाही. मी दिसलो की मान हलवतात आणि म्हणतात, "वाईट झालं हो," आणि त्यांना खरंच वाटत असावं. पाटी आता येत नाही. मी दात आत, न्हाणीघरात घासतो.

गेल्या महिन्यात ती दुकानात आली. घरी बोलत नाही म्हणून दुकानात, गिऱ्हाइकासारखी काउंटरपलीकडे उभी राहिली. "त्याचा चष्मा मोडला," ती म्हणाली. "आत कोणाचा तरी पाय पडला. पंधरा दिवस भिंती धरून चालतोय. नंबर तुम्हाला पाठ असेल."

पाठ होता. दोन्ही डोळ्यांना चार, उजव्याला थोडा जास्त. मी त्या दिवशी कारागिराला लवकर घरी पाठवलं, मशीनवर स्वतः बसलो. इतक्या निगुतीने काच मी कधी घासली नसेल. कडा बोटाने तपासल्या, फ्रेम गरम पाण्यात धरून त्याच्या कानांच्या मापाने वाकवली. ते मापही मला पाठ होतं. पुसायला मऊ फडकं घातलं, दोन घातली. डबी बंद करून तिच्या हातात दिली आणि तिचा हात सुटायच्या आत म्हटलं, "त्याला एवढं सांगशील? की त्या दिवशी सकाळी माझ्याकडे चष्मा नव्हता म्हणून झालं ते. वाचता आलं असतं तर मी मेलो तरी सही केली नसती. हे खरं आहे. एवढंच सांग."

तिने डबी पिशवीत टाकली. भेटीचा दिवस शुक्रवार होता.

शुक्रवारी मी दुपारीच घरी येऊन बसलो. ती आली, पायातलं काढलं, पाणी प्यायली.

"बसला का चष्मा?"

"बसला. नीट बसला."

"दिसतं म्हणाला?"

"समोरच्या भिंतीवर पाल होती, तिची बोटं मोजली त्याने." क्षणभर ती हसेल असं वाटलं.

"आणि माझा निरोप?"

"सांगितला." ती पिशवीची घडी घालत होती. घडी नीट जमेना, ती तिने पुन्हा घातली. "सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ताई, दाजींना विचार, कोर्टात तर चष्मा होता ना?"